'रक्खिता' : संसदेतील चर्चा आणि अल्पसंख्याक स्त्री

विनयपिटकात संघादिसेस विभागातील पाचव्या शिक्षापदाचे विवरण करताना स्त्रियांचे दहा प्रकार सांगितले आहेत. भिक्खूने स्त्री-पुरुषांचे संबंध जुळवण्यासाठी मध्यस्थी करू नये, असे ते शिक्षापद. अशी मध्यस्थी कोणकोणत्या स्त्रियांच्या बाबतीत घडू शकते हे निश्चित करण्यासाठी ही गणना आली आहे. आईने राखलेली ती मातुरक्खिता, बापाने राखलेली ती पितुरक्खिता. त्यापुढे मातापितुरक्खिता, भातुरक्खिता, भगिनिरक्खिता, ञातिरक्खिता, गोत्तरक्खिता, धम्मरक्खिता, सारक्खा आणि शेवटी सपरिदण्डा. धम्मरक्खिता या शब्दाचा अर्थ 'धम्माचे रक्षण लाभलेली' असा घेण्याचा मोह श्रद्धावान वाचकास होतो. परंतु विवरणात त्याचा अर्थ 'सहधर्मीयांनी राखलेली' एवढाच दिला आहे. सपरिदण्डा म्हणजे जिच्याकडे जाणाऱ्यास दंड होईल असे कोणी आधीच जाहीर करून ठेवले आहे, अशी स्त्री. ही यादी बुद्धाचा उपदेश नव्हे, हे येथेच सांगणे इष्ट. त्या काळच्या समाजात स्त्रीची ओळख कशी सांगितली जात असे, याची ती नोंद आहे. दहाही प्रकारांमागील प्रश्न एकच आहे, हिला राखणारा कोण? 'रक्खिता' हे कर्मणि धातुसाधित आहे; क्रिया दुसऱ्याची, आणि ती त्या क्रियेचा विषय.

अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आज पुढे ठेवण्याचे कारण असे की, गेली काही वर्षे आम्ही घटना समितीच्या आणि पुढील काळात संसदेच्या चर्चांची इतिवृत्ते वाचीत आहोत आणि त्यांतील अल्पसंख्याक स्त्रियांविषयीचा भाग पालीच्या अभ्यासकाच्या सवयीने पाहत आहोत. सुत्त हाती घेतले की वक्ता कोण, श्रोता कोण आणि कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे आम्ही आधी पाहतो. मराठी व्याकरणात 'मी' हा प्रथमपुरुष आणि 'ती' हा तृतीयपुरुष. पालीत क्रम उलटा आहे. 'तो, ती, ते' यांस पठमपुरिस म्हणतात, 'तू' हा मज्झिमपुरिस आणि 'मी' हा उत्तमपुरिस. थेरीगाथेचे ऐतिहासिक महत्त्व याच कारणाने मोठे आहे, की त्यातील ७३ थेरींपैकी बहुतेकींनी उत्तमपुरिसात बोलावे अशी सोय त्या ग्रंथाने केली. संसदेच्या इतिवृत्तांतील अल्पसंख्याक स्त्री मात्र बहुतांशी पठमपुरिसात राहिली आहे. तिच्याविषयी पुष्कळ बोलले गेले, पण ती स्वतः फार थोडी बोलली. आणि जेव्हा ती बोलली, तेव्हा तिचे बोलणे कोणत्याच बाजूस पुरतेपणी सोयीचे ठरले नाही, हे आमचे निरीक्षण आहे.

प्रारंभ घटना समितीपासून करू. त्या समितीत १५ स्त्रिया होत्या. त्यांत मुस्लिम स्त्री एकच, बेगम ऐझाझ रसूल. आणि अस्पृश्य समाजातील स्त्रीही एकच, कोचीनच्या दाक्षायणी वेलायुधन. राजकुमारी अमृत कौर यांचा जन्म ख्रिस्ती कुटुंबातील, तेव्हा त्यांचीही गणना येथे केली पाहिजे.

दाक्षायणी वेलायुधन या पुलय जातीत १९१२ साली जन्मल्या. घटना समितीत त्यांनी उद्दिष्टांच्या ठरावावर १९ डिसेंबर १९४६ रोजी भाषण केले. त्याच ठरावावर बाबासाहेबांचे प्रसिद्ध भाषण दोन दिवस आधी, १७ डिसेंबरला झाले होते. सात कोटी अस्पृश्यांना 'अल्पसंख्याक' ही संज्ञा लावण्यासच दाक्षायणींची हरकत होती, आणि स्वतंत्र मतदारसंघांस त्यांचा विरोध होता. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस हे मत पटणार नाही. आम्हांसही ते पटत नाही. १९३२ चा पुणे करार आणि त्यानंतरच्या निवडणुका यांचा अनुभव ज्यांनी घेतला, त्यांच्या युक्तिवादाचे उत्तर त्या भाषणात नाही. परंतु पुढची एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ही चौतीस वर्षांची स्त्री तेथे स्त्रियांच्या प्रश्नावर बोलण्यापुरती उभी राहिली नव्हती. राज्यघटना ही केवळ कायद्यांची चौकट नसून लोकांच्या जीवनाची नवी घडी ठरली पाहिजे, अशा आशयाचा मुद्दा ती मांडत होती. राज्यसंस्था कशी असावी हा तिचा विषय होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी अस्पृश्यतानिवारणाच्या अनुच्छेदावरील चर्चेतही तिने भाग घेतला.

बेगम ऐझाझ रसूल या मुस्लिम लीगच्या सदस्या. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी विधिमंडळात राखीव जागा ठेवू नयेत, या निर्णयावर मे १९४९ मध्ये चर्चा झाली तेव्हा त्यांनी त्या निर्णयास पाठिंबा दिला. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे अलग पाडतील, असा त्यांच्या युक्तिवादाचा सारांश होता. फाळणीनंतरच्या दोन वर्षांत उत्तर प्रदेशातील मुस्लिम स्त्रीने हे म्हणावे, यामागे विश्वास किती आणि निरुपाय किती, याचा निवाडा करणे कठीण आहे. आमच्या मते दोन्ही होते. येथेही पाहण्यासारखे हेच की, त्या आपल्या संपूर्ण समाजाच्या राजकीय भवितव्याविषयी बोलत होत्या.

आता त्याच समितीतील दुसरा दिवस पाहावा. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी समान नागरी कायद्याचा अनुच्छेद, तेव्हाचा मसुद्यातील ३५ वा आणि आजचा ४४ वा, चर्चेस आला. महंमद इस्माईल, नझीरुद्दीन अहमद, महबूब अली बेग, पोकर साहेब आणि हुसैन इमाम यांनी व्यक्तिगत कायदा अबाधित ठेवण्याच्या बाजूने मते मांडली. कन्हैयालाल मुन्शी आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अनुच्छेदाचे समर्थन केले. बाबासाहेबांनी उत्तर दिले. विवाह, तलाक, वारसा या तिन्ही बाबी स्त्रीच्या आयुष्यास सर्वांत जवळच्या. आणि वक्त्यांची ही यादी सर्वस्वी पुरुषांची आहे. याचा अर्थ स्त्री सदस्यांना मत नव्हते असा नव्हे. १९४७ च्या एप्रिलमध्ये मूलभूत अधिकारांच्या उपसमितीत अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी मिनू मसानींसह भिन्नमतपत्रिका जोडून समान नागरी कायदा हा हक्क म्हणून मिळावा असे म्हटले होते. ते मत मार्गदर्शक तत्त्वांच्या प्रकरणात सरकले, आणि सभागृहातील वाद हा समाज विरुद्ध राज्य असा होऊन बसला.

बाबासाहेबांचे त्या दिवशीचे उत्तर आम्हांस नेहमीच विचारप्रवृत्त करते. मुस्लिम व्यक्तिगत कायदा साऱ्या देशात अनादी काळापासून एकसारखा आहे, हे म्हणणे त्यांनी वस्तुस्थितीच्या आधारे खोडून काढले. वायव्य सरहद्द प्रांतात १९३५ पर्यंत शरियत लागू नव्हती. वारशासारख्या बाबतीत तेथील मुसलमान हिंदू कायद्याने चालत. उत्तर मलबारात मरुमक्कत्तायम हा मातृवंशीय कायदा हिंदूंप्रमाणे मुसलमानांनाही लागू होता. आणि शेवटी त्यांनी असेही सुचवले की, जे स्वतः होऊन तसे जाहीर करतील त्यांनाच प्रारंभी नवा कायदा लागू करावा, असा मार्ग भावी संसदेस मोकळा आहे. या शेवटच्या सूचनेत आम्हांस उत्तमपुरिसाची चाहूल दिसते. 'मी जाहीर करते' असे म्हणण्यास तेथे जागा आहे. मलबारच्या उदाहरणाकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. तेथील मातृवंशीय घरातील मुस्लिम स्त्रीला शरियतच्या एकसूत्रीकरणात काय मिळाले आणि काय गेले, हे विचारणारे त्या सभागृहात कोणी नव्हते. १९३७ च्या शरियत अधिनियमातून शेतजमीन वगळण्यात आली होती, म्हणजे ज्या संपत्तीत मुलीच्या वाट्याला खरे मोल होते, नेमकी तीच बाजूस राहिली होती. धर्माच्या शुद्धतेचा आग्रह जमिनीच्या बांधापाशी थांबला, असे कोणी म्हटल्यास त्यास उत्तर देणे अवघड आहे.

यानंतर सर्वांस परिचित असलेले शाहबानो प्रकरण. परिचित म्हणूनच त्यातील आकडे पुन्हा सांगणे आवश्यक आहे, कारण चर्चेच्या धुरळ्यात ते हरवतात. इंदूरच्या शाहबानो बेगम यांचा विवाह १९३२ सालचा, पती वकील, अपत्ये पाच. १९७५ साली त्यांना घराबाहेर काढण्यात आले. एप्रिल १९७८ मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली दरमहा ५०० रुपये पोटगी मागितली. अर्ज प्रलंबित असताना नोव्हेंबर १९७८ मध्ये पतीने तलाक दिला आणि ३,००० रुपये मेहेर भरून आपली जबाबदारी संपली असे म्हटले. दंडाधिकाऱ्याने १९७९ साली २५ रुपये मंजूर केले. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९८० साली ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. हाच तो आकडा, ज्यासाठी पती सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने पतीचे अपील फेटाळले. स्त्री स्वातंत्र्यास पात्र नाही हे मनूचे मत निकालपत्राच्या आरंभीच उद्धृत केले आहे, म्हणजे अन्याय एकाच धर्माच्या माथी मारलेला नव्हता. परंतु समान नागरी कायद्याविषयीचे त्यातील भाष्य आणि कुराणातील वचनांचा न्यायालयाने लावलेला अर्थ, हेच पुढे वादाचे केंद्र झाले आणि १७९ रुपये २० पैसे मागे पडले.

लोकसभेत हा वाद एका खासगी विधेयकामुळे आला. मुस्लिम लीगचे गुलाम महमूद बनातवाला यांनी १२५ व्या कलमातून मुस्लिम स्त्रीला वगळण्याची सूचना मांडली होती. ऑगस्ट १९८५ मध्ये राज्यमंत्री आरिफ महंमद खान यांनी निकालाच्या समर्थनार्थ भाषण केले. नोव्हेंबरमध्ये त्याच मंत्रिमंडळातील झिया-उर-रहमान अन्सारी यांनी निकालाविरुद्ध भाषण केले. एकाच सरकारचे दोन मुस्लिम मंत्री, परस्परविरोधी दोन भाषणे, आणि विषय एक वृद्ध स्त्री. २५ फेब्रुवारी १९८६ रोजी कायदामंत्री अशोककुमार सेन यांनी विधेयक मांडले; दुसऱ्याच दिवशी आरिफ महंमद खान मंत्रिपदावरून दूर झाले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोकसभेने ३७२ विरुद्ध ५४ मतांनी ते संमत केले, राज्यसभेनेही लगेच मान्यता दिली.

विधेयकाचे नाव 'मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण)'. नावात 'संरक्षण' आहे, हे ध्यानी घ्यावे. इद्दतीच्या काळात पतीने वाजवी व न्याय्य तरतूद करावी. त्यानंतर ती स्वतःचे पोषण करू शकत नसेल, तर तिच्या मृत्यूनंतर जे तिचे वारस होतील अशा नातलगांनी तिला सांभाळावे. तेही असमर्थ असतील, तर राज्याच्या वक्फ मंडळाने. येथे विनयातील यादी आठवल्यावाचून राहत नाही. आधी ञातिरक्खिता, मग धम्मरक्खिता. पतीवरील तिचा दावा काढून तो अशा नातलगांवर टाकला, ज्यांच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहणे साठी ओलांडलेल्या स्त्रीला पतीविरुद्ध उभे राहण्याहून कठीण. १२५ व्या कलमाची वाट पूर्ण बंद केली असेही नाही. पति-पत्नी दोघांनी तसे जाहीर केल्यास ते कलम लागू होईल, असा पर्याय ठेवला. पण पोटगी टाळू इच्छिणारा पती आपल्या संमतीने ती वाट कशाला उघडील? बाबासाहेबांनी सुचवलेल्या स्वेच्छेचे हे विडंबन होते.

त्या लोकसभेत मुस्लिम स्त्रिया तीन होत्या: बरेलीच्या बेगम आबिदा अहमद, मेरठच्या मोहसिना किडवई आणि अनंतनागच्या बेगम अकबर जहान अब्दुल्ला. त्यांच्यापैकी पहिल्या दोघी सत्ताधारी पक्षाच्या. पक्षाने आदेश काढला होता. आणि ५२ वी घटनादुरुस्ती, म्हणजे पक्षांतरबंदी, १ मार्च १९८५ पासून अमलात आली होती. पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकत होते. या योगायोगाकडे आमच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रतिनिधित्व म्हणजे सभागृहात त्या समाजाची स्त्री बसणे, एवढीच व्याख्या आपण करतो. परंतु बसलेल्या स्त्रीचे मत जर पक्षाच्या दंडाखाली असेल, तर तीही एक प्रकारची सपरिदण्डाच नव्हे काय? स्त्रियांच्या बाजूने त्या वेळी जे स्वर उमटले त्यांत कम्युनिस्ट पक्षांचे सदस्य होते, मुस्लिम पुरुष होते. आनंदाने महापजापती गोतमीसाठी बुद्धाकडे शब्द टाकला, तेव्हा गोतमीने स्वतः तीनदा केलेली याचना नाकारली गेली होती. मध्यस्थाचे मोल आम्ही नाकारीत नाही. परंतु स्त्रियांना राखणार कोण, हे आनंदाने विचारले नव्हते. स्त्रिया अर्हत्पदाचे फळ प्राप्त करून घेण्यास समर्थ आहेत की नाहीत, हे त्याने विचारले होते. १९८६ च्या चर्चेत सामर्थ्याचा हा प्रश्न विचारणारे थोडे होते.

आणि शाहबानो स्वतः? निकालाच्या काही महिन्यांनंतर, नोव्हेंबर १९८५ मध्ये, त्यांच्या अंगठ्याचे एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. निकाल आपल्या धर्माविरुद्ध असल्याचे समजल्यामुळे आपण तो नाकारतो, असा त्याचा आशय. निकालाचे विरोधक ते पत्र हर्षाने दाखवू लागले. समर्थक म्हणू लागले की तिच्यावर दबाव आला. पत्र उत्तमपुरिसात होते, तरी ते ऐकले गेले पठमपुरिसातच. तेव्हा 'मी' हा शब्द उमटला म्हणजे स्वर मोकळा झाला, असे समजण्याचीही चूक आम्ही करू इच्छीत नाही. शाहबानो १९९२ साली वारल्या.

महाराष्ट्राच्या वाचकास येथे १८ एप्रिल १९६६ ची आठवण व्हावी. हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने त्या दिवशी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी एकतर्फी तोंडी तलाक बंद व्हावा म्हणून विधिमंडळावर मोर्चा नेला. फक्त सात. पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. नावात सत्यशोधक हा शब्द आहे, तो जोतीरावांचा. या मंडळाने १९८५ साली तलाकमुक्ती मोर्चा काढला. म्हणजे संसदेत 'मुस्लिम समाजाची मागणी' म्हणून जे सांगितले जात होते त्याच वर्षी त्याच समाजातील स्त्रिया आपल्याकडे रस्त्यावर वेगळे काही सांगत होत्या.

१९८६ च्या कायद्याचे पुढे जे झाले, त्यात व्याकरणाच्या अभ्यासकास विशेष रस वाटेल. शाहबानोंचे वकील दानियल लतीफी यांनी त्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ च्या निकालात घटनापीठाने कायदा रद्द केला नाही. त्यातील एका शब्दाचा अर्थ लावला. तरतूद इद्दतीच्या काळा'त' करावयाची आहे, इद्दतीच्या काळा'पुरती' नव्हे. म्हणून त्या अवधीत पतीने तिच्या पुढील सर्व आयुष्याची तरतूद केली पाहिजे. ज्या विधेयकाने पतीची जबाबदारी तीन महिन्यांत संपवली असे उभय पक्ष समजत होते, त्याच विधेयकाने एका सप्तमीच्या अर्थामुळे ती आयुष्यभराची झाली. टीकाकारांनी अट्ठकथांमध्ये असे पुष्कळदा केले आहे. पुढे १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाने, घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला १२५ व्या कलमाखालीही पोटगी मागता येते असे स्पष्ट केले. शाहबानो १९७८ साली जो अर्ज घेऊन गेल्या होत्या, त्याच्याशी आपण सेहेचाळीस वर्षांनी परत आलो.

तीन तलाकच्या विषयात आम्ही फार रेंगाळणार नाही, कारण तो वाचकांच्या स्मरणात ताजा आहे. काशीपूरच्या शायरा बानो २०१६ साली न्यायालयात गेल्या. २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एकाच वेळी दिलेला तलाक अवैध ठरला. त्यानंतर संसदेने जो कायदा केला, तो राज्यसभेत ३० जुलै २०१९ रोजी ९९ विरुद्ध ८४ मतांनी संमत झाला. त्याच्याही नावात 'मुस्लिम महिला' आणि 'संरक्षण' हे दोन्ही शब्द आहेत. या वेळी संरक्षणाचे साधन दंड: पतीस तीन वर्षांपर्यंत कारावास. विनयातील सपरिदण्डेचा दंड परपुरुषास, येथे तो पतीस. हा फरक आहे आणि तो लहान नाही. जामिनापूर्वी पत्नीचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि तिच्या इच्छेने तडजोड होऊ शकावी, या तरतुदी मूळ विधेयकात नव्हत्या, मागाहून आल्या. त्यांचे स्वागत केले पाहिजे. परंतु पती तुरुंगात असताना तिची पोटगी कोण देणार, हा प्रश्न मुस्लिम स्त्रियांच्याच संघटनांनी विचारला होता. शिक्षेविषयी त्यांच्यात एकमत नव्हते. मुंबईतील बेबाक कलेक्टिव्हसारख्या संघटनेने तलाकविरोधी लढ्यात भाग घेऊनही फौजदारी शिक्षेस विरोध केला. सभागृहातील चर्चेत मात्र दोनच बाजू होत्या, आणि हा मतभेद दोहोंतही मावला नाही.

१९५२ पासून २०२४ पर्यंत लोकसभेवर निवडून गेलेल्या मुस्लिम स्त्रियांची संख्या वीसही भरत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखणारे विधेयक लोकसभेत आले, तेव्हा ४५४ मते अनुकूल आणि दोन प्रतिकूल पडली. ते दोघे म्हणजे हैदराबादचे असदुद्दीन ओवैसी आणि आपल्या औरंगाबादचे इम्तियाज जलील. मुस्लिम व इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळा हिस्सा नाही, ही त्यांची तक्रार. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना त्यांच्या राखीव जागांत तो हिस्सा आहे, आणि बौद्ध स्त्रियांनाही १९९० च्या दुरुस्तीमुळे त्याचा लाभ मिळू शकेल. मुस्लिम स्त्रीला तो नाही. १९४९ साली बेगम ऐझाझ रसूल यांनी जे नाकारले, तेच २०२३ साली त्यांच्या समाजातील स्त्रीसाठी दोन पुरुष मागत होते. त्यांची मागणी चूक होती असे आमचे म्हणणे नाही. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत काय घडले, ते त्या दोन मतांवरून कळते.

हे सर्व परक्यांचे म्हणून वाचणाऱ्या वाचकास शेवटी आपल्या घराकडे आणणे आम्ही कर्तव्य समजतो. बौद्ध स्त्री हीदेखील अल्पसंख्याक स्त्री आहे; १९९३ च्या केंद्रीय अधिसूचनेने बौद्ध हा राष्ट्रीय अल्पसंख्याक समाज ठरला. तिच्या विवाहास कोणता कायदा लागू आहे? १९५५ चा हिंदू विवाह अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्ध, जैन व शीख यांचा नावाने समावेश आहे. हिंदू संहिता विधेयकाच्या वेळी सरदार हुकुमसिंग यांनी शिखांच्या या समावेशास हरकत घेतली. १९५१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी त्यास दिलेले उत्तर आमच्यापैकी कित्येकांस अनपेक्षित वाटेल. बुद्धाचा वैदिक ब्राह्मणांशी मतभेद धर्मतत्त्वांपुरता होता. कायद्याची चौकट त्याने बदलली नाही व अनुयायांसाठी निराळा कायदा सांगितला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पाली वाङ्मयाच्या दृष्टीने ते बरोबर आहे. सिगालोवाद सुत्तात पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पण गृहस्थांसाठी विवाहाचा वा वारशाचा कायदा त्रिपिटकात नाही. परंतु बाबासाहेब हे बोलले तेव्हा नागपूरची धम्मदीक्षा पाच वर्षे दूर होती. ज्या लक्षावधी स्त्रियांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला आणि त्यानंतर दीक्षा घेतली, त्यांना विचारण्याचा प्रश्नच तेव्हा नव्हता. आणि पुढेही तो कोणी विचारला नाही.

स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी महाराष्ट्रात वारंवार झाली आहे. ती मागणी मांडणारी निवेदने, मसुदे, परिषदांचे ठराव आपण एकदा डोळ्यांखालून घालावेत. त्यांत विधी कोणता, पंचशील कोणी द्यावे, नोंदणी कोठे व्हावी, यांविषयी पुष्कळ आहे. पोटगी, मुलांचा ताबा, वैवाहिक घरातील वाटा, यांविषयी किती आहे आणि ते कोणी लिहिले आहे?

आमच्या पालीच्या वर्गात मागील वर्षावासात विनयातील हीच दहा नावे आम्ही शिकवत होतो. एका विद्यार्थिनीने, जी दिवसा एका वकिलाच्या कार्यालयात काम करते, वर्ग संपल्यावर पिशवीतून एक कागद काढून दाखवला. तिने स्वतः टंकलिखित केलेला घटस्फोटाचा अर्ज होता. वर 'हिंदू विवाह अधिनियम, कलम १३' आणि खाली दुसऱ्याच ओळीत 'अर्जदार ही धर्माने बौद्ध असून'. तिने विचारले, "सर, हे दोन्ही एका कागदावर कधी आले, आणि तेव्हा बायकांपैकी कोण काय बोलल्या?" आम्ही तिला हिंदू संहिता विधेयकावरील चर्चेचे खंड दाखवले. हंसा मेहता, दुर्गाबाई, रेणुका राय, सुचेता कृपलानी यांची भाषणे कोठे सापडतील, ते सांगितले. बौद्ध स्त्रीचे भाषण कोणते, असे तिने पुढे विचारले, तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. खंड ती घरी घेऊन गेली आहे, आणि मधूनमधून पानांत चिठ्ठ्या घालून आणते.